सात नंबरची टेक

मुलीच्या लग्नाला बारा दिवस उरले होते आणि उज्ज्वला राठोडच्या दुकानातला लॅपटॉप तिला लाल अक्षरांत सांगत होता की तुझ्या नवऱ्यानं प्रिंट या शब्दापुढे कंस दिलेले नाहीत. नवऱ्याला जाऊन पाच वर्षं झाली होती. आता त्यानं कंस कुठून आणून द्यायचे, ते त्या लॅपटॉपलाच ठाऊक.

दुकान पुसदच्या बसस्टँडमागे. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. इंद्रजितनं ते उभं केलं आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेल्यावर उज्ज्वलानं चालवलं. एमएससीआयटीचं सर्टिफिकेट आणि नवऱ्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघण्याची पंधरा वर्षं, एवढ्या भांडवलावर ती जातीच्या दाखल्यापासून पीकविम्यापर्यंत सगळं भरून देत होती. कीबोर्डला ती भीत नव्हती. पण इंद्रजितच्या या एका प्रोग्रॅमला तिनं कधी हात लावला नव्हता, कारण तशी वेळच आली नव्हती. वस्तू कपाटात आहे म्हटल्यावर कपाट रोज उघडून कोण बघतं?

कपाटात होता तिच्या सासूचा, जमनीबाईचा, ढावलो.

बंजाऱ्यांची मुलगी सासरी निघते तेव्हा नुसती डोळ्यांनी रडत नाही, शब्दांनी रडते. बापाचं दार, आईचे हात, भावाचा रुसवा, आडाचं पाणी, एकेकाचं नाव घेऊन, एकेकाच्या गळ्यात पडून चालीवर रडते. त्याला ढावलो म्हणतात, आणि लग्नाआधी तांड्यातल्या म्हाताऱ्या तो नवरीला शिकवतात. प्रत्येक म्हातारीचा ढावलो तिचा तिचा असतो. जमनीबाईचा तिच्या आईकडून आलेला, तिच्या आईला तिच्या आईकडून, पाठीवर मिठाच्या गोण्या घेऊन बैलांचे तांडे मुलूखभर हिंडायचे तेव्हापासूनचा. तो सांगायला अख्खी सकाळ लागायची. लिंबी तांड्यात तसा दुसऱ्या कोणाचा नव्हता. जमनीशी जन्मभर चढाओढ केलेली मानीबाईसुद्धा कबूल करायची की ही रडवायला लागली की दावणीचा बैल चारा सोडतो.

पुढे लग्नात डीजे आला आणि नवऱ्या मुलींना ढावल्याची लाज वाटायला लागली. याडीनंतर हे सगळं जाणार, हे इंद्रजितनं तेव्हाच ओळखलं. याडी म्हणजे आई. घरातले सगळेच जमनीबाईला याडी म्हणत. त्यानं मोबाइल पुढे धरला आणि गा म्हणाला. जमनीनं मोबाइल बाजूला सारला. पोरगी निघाली नसताना ढावलो गाणं म्हणजे घरात नसलेलं दुःख बोलावून आणणं, असं तिचं म्हणणं होतं. खूप मिनतवाऱ्या झाल्यावर ती एवढ्यावर राजी झाली की गाणार नाही, नुसतं बोलून सांगेन. बोलण्याला अपशकुन लागत नाही.

मग दर रविवारी ओट्यावर बसून ती बोलायची आणि इंद्रजित टाइप करायचा. ती थांबायची नाही. थांब म्हटलं की उठून शेळ्या बघायला जायची आणि मग तो रविवार गेलाच. म्हणून इंद्रजितनं एक युक्ती काढली. ढावल्यात काही ओळी पुन्हा पुन्हा येतात, भजनात टेक येते तशा. अशा प्रत्येक टेकेला त्यानं नंबर दिला. सगळी ओळ टाइप करण्याऐवजी तो नुसता आकडा मारायचा आणि याडीच्या पुढच्या ओळीला जाऊन पोचायचा. असे चौऱ्याऐंशी आकडे झाले. कोणता आकडा म्हणजे कोणती ओळ, याची यादी वेगळी. प्रोग्रॅमचं काम इतकंच, की आकडा दिसला की यादीतली ओळ तिथे आणून ठेवायची आणि सबंध ढावलो सलग कागदावर उतरवायचा. तो म्हणायचा, सगळा सांगून झाला की एकदाच छापू, पुस्तक करू. तो सगळा सांगून झाला, आणि पुस्तक करण्याआधी इंद्रजित गेला.

मुलगा गेल्यापासून जमनीनं ओठ शिवून घेतले. कोणाच्या लग्नाला गेली नाही, बोलूनसुद्धा एक ओळ सांगितली नाही. मोनाली, तिची नात, तेव्हा अमरावतीला नर्सिंगला होती. सुट्टीत आली की कोणीतरी म्हणायचं, दादीकडून शिकून घे, आणि मोनाली म्हणायची, पप्पांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे ना. उज्ज्वलाही तेच म्हणायची. सगळं घरच तेच म्हणायचं. मागच्या दिवाळीत जमनीला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समज मात्र सगळी राहिली, आणि ते बघवत नव्हतं.

मोनालीचं लग्न ठरलं त्या दिवशी जमनीनं डावा हात उचलून नातीकडे दाखवलं, मग त्याच हाताची बोटं हवेत टकटक नाचवली. टायपिंगची खूण. मुलाला ती पंधरा वर्षं तशी बघत आली होती. हिला ते शिकवा, एवढंच तिचं मागणं होतं. दुसरं मागण्यासारखं तिच्याजवळ आता काही उरलंही नव्हतं.

"हाव याडी," उज्ज्वला म्हणाली, "काढून देते. तुह्याच बोलात रडन पोरगी."

शब्द देताना काही लागत नाही. जुना कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला होता, पण त्याच्या डिस्कवरचं सगळं नव्या लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलेलं होतं. त्यात गोर नावाचं फोल्डर होतं, बंजारे स्वतःला गोर म्हणतात. फोल्डरमध्ये आकड्यांनी भरलेली ढावल्याची फाइल होती आणि प्रोग्रॅमही होता. उज्ज्वलाला वाटलं, दोनदा क्लिक केलं की झालं. तिथून ते कंस सुरू झाले.

तिनं पुण्याला ओमला फोन लावला. ओम तिच्या दिराचा मुलगा, तिथे कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतो. चहाच्या सुट्टीत त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की काकानं प्रोग्रॅम पायथन नावाच्या भाषेत लिहिलाय, पण काकाच्या वेळचं पायथन वेगळं होतं, आताचं वेगळं आहे. आताच्याला काकाचं बोलणं समजत नाही. तू जुनंच टाक. जुनं पायथन नेटवर मिळालं. त्याच्याखाली लिहून ठेवलं होतं की याची देखभाल आता कोणी करत नाही, वापरायचं तर आपल्या जबाबदारीवर वापरा. उज्ज्वलाला त्या पायथनची जरा कीवच आली. तिनं ते टाकलं आणि कंसांचं भांडण मिटलं.

लगेच दुसरं उभं राहिलं. नो मॉड्यूल नेम्ड एक्सएलआरडी.

"काकी, काकानं सगळं सोता नाही लिवलं," ओम म्हणाला. "ह्याचं थोडं, त्याचं थोडं, असं नेटवरून आनून जोडलं. जे जे जोडलं ते आता तुह्या मशीनीत नाही. एकेक मांगन, एकेक देत जाय."

म्हणजे लग्नाच्या सामानासारखंच झालं. हळद आणली तर सुपारी नाही, सुपारी आणली तर नाडा राहिला. एक्सएलआरडी मागवलं तर नवं आलं, आणि नव्याला जुन्या पायथनशी बोलायचं नव्हतं. ओमनं जुन्याचा नंबर शोधून पाठवला, तो घालून मागवलं तेव्हा कुठे ते बसलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की उज्ज्वला हे करत बसायची. गिऱ्हाईक आलं की त्याचा अंगठा घ्यायची, फॉर्म भरायची, आणि ते पायरी उतरायच्या आत पुन्हा लाल अक्षरांपुढे बसायची.

तिसऱ्यानं दोन दिवस खाल्ले. प्रोग्रॅम डॉक्स नावाचं काहीतरी मागत होता. उज्ज्वलानं डॉक्स मागवलं, डॉक्स आलं, बसलंही, आणि तरी प्रोग्रॅम वेगळ्याच नावानं रडायला लागला. तिनं काढलं, पुन्हा टाकलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, देवाचं नाव घेऊन बघितलं. शेवटी ओमनं सांगितलं की त्या नावाचे दोघं आहेत. जो पाहिजे त्याला मागवताना आधी पायथन लावायचं, मग आडवी रेघ, मग डॉक्स. तांड्यात नेमसिंग राठोड म्हणून हाक मारली तर तिघं बाहेर येतात. पाहिजे तो यायचा तर बापाचं नाव लावावं लागतं. हे तिला जन्मापासून ठाऊक होतं, पण इंटरनेटवरही तसंच असेल असं कोणाला वाटतं? बापाचं नाव लावून हाक मारल्याबरोबर योग्य तो आला, येताना आणखी एकाला घेऊन आला, आणि लाल अक्षरं निघून गेली.

घरी गेली की जमनी बाजेवरून तिच्याकडे बघायची आणि बोटं हवेत टकटक करायची. उज्ज्वला सांगायची, अजून एकच राहिलं, याडी. दर संध्याकाळी एकच राहिलेलं असायचं, पण ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटायचं. एकेक अडचण सुटत गेली की माणसाला वाटायला लागतं की सगळ्याच सुटण्याजोग्या असतात. तिला त्या दिवसांत हलकं वाटायचं, इंद्रजितच्या हाताखाली काम करत असल्यासारखं. त्याची एकेक ओळ तिला कळायला लागली होती आणि त्यानं कुठे आळस केला तेही कळत होतं. एका ठिकाणी तर तिनं मनातल्या मनात त्याला शिवीही दिली, आणि बऱ्याच वर्षांनी शिवी देता आली म्हणून बरं वाटलं.

लग्नाला सहा दिवस असताना चौथं आलं. नो मॉड्यूल नेम्ड टेक.

आता हात बसला होता. तिनं टेक मागवलं. नेट म्हणालं, या नावाचं तुला चालेलसं काही मिळत नाही. तिनं पायथन लावून, आडवी रेघ देऊन हाक मारली. तरी नाही. जुना नंबर असेल म्हणून एकापासून पाचापर्यंत नंबर घालून बघितले. मग ओमला फोन लावला आणि नेहमीसारखं विचारलं की याचा खरा नंबर कोणता, पाठव.

ओमनं ते नाव दोनदा विचारून घेतलं.

"काकी, हे नेटवरचं नाही," तो म्हणाला. "हे काकाचं सोताचं आहे. आकड्यांची यादी ते हीच."

तेव्हाही ती घाबरली नाही. स्वतःचं असेल तर घरातच असणार. तिनं लॅपटॉप धुंडाळला. फोटोंच्या फोल्डरात बघितलं, लग्नपत्रिकांच्या नमुन्यांत बघितलं, कोणा कोणाच्या सातबाऱ्यांत बघितलं. टेक नव्हतं. चाचणी नावाची एक जुनी फाइल तेवढी सापडली. त्यात आठच ओळी होत्या, पण पूर्ण, आकड्यांशिवायच्या. इंद्रजितनं सुरुवातीला कधीतरी प्रोग्रॅम चालतो का ते बघितलं असणार. त्यावरून तीन आणि अकरा या दोन आकड्यांच्या ओळी कळल्या. चौऱ्याऐंशीतल्या दोन. ओमला एक आशा वाटत होती. हे जुनं पायथन एकदा चाललं की प्रत्येक यादीची मशीनच्या भाषेतली एक प्रत आपणहून करून ठेवतं, मूळ गेलं तरी ती राहते. पण ती करतं कुठे, तर मूळ यादीच्याच शेजारी. म्हणजे शेवटी यादी कुठे होती तेच शोधायचं.

ते प्रोग्रॅमच्या दुसऱ्याच ओळीत लिहिलेलं होतं. उज्ज्वलाच्या डोळ्यांखालून ती ओळ सहा दिवस जात होती. यादी शोधायची ती जी ड्राइव्हवर.

ओम विचारत होता की काकी, जुन्या मशीनला जी कायचं होतं, दुसरी डिस्क होती का. जी कायचं होतं ते उज्ज्वलाला ओमपेक्षा चांगलं माहीत होतं. सी, डी, ई डिस्कचे भाग. एफ म्हणजे सीडी. आणि गिऱ्हाइकानं फोटो काढायला पेन ड्राइव्ह दिला की तो लागायचा जी ला. हजार वेळा तिनं स्वतः तो उघडला होता.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर सगळ्या गावाचा हात. एकदा कोणीतरी पत्रिका काढताना इंद्रजितचं अर्धं काम पुसून टाकलं, तेव्हापासून यादी तो पेन ड्राइव्हमध्येच ठेवायचा आणि तिची दुसरी प्रत करायचा नाही. दोन प्रती झाल्या की खरी कोणती याचा तंटा, असं म्हणायचा. पेन ड्राइव्ह मात्र हरवायचा. तीन हरवल्यावर जमनी वैतागली. तिनं काळा दोरा वळला, त्यात एक कवडी ओवली, कवडीशेजारी तो पेन ड्राइव्ह गुंफला, आणि तेहतीस वर्षांच्या घोड्याच्या गळ्यात तान्ह्या पोराला बांधावा तसा बांधून टाकला. गाठ अशी मारली की दात लावल्याशिवाय सुटू नये. तो अंघोळीलाही काढायचा नाही. कॉम्प्युटरला लावायचा असला की मान पुढे करून लावायचा, आणि दुकानातले लोक हसायचे.

इंद्रजित गेला त्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा उज्ज्वला तांड्यातच होती. बॉडी घरी मिळणार नव्हती, जायची बंदी होती. फोनवरचा माणूस घाईत होता, पण भला होता. घड्याळ आणि मोबाइल पाकिटात ठेवलाय म्हणाला. गळ्यात काळा दोरा आहे, कवडी आहे, ताईतासारखं काहीतरी आहे, कापून पाकिटात टाकू का, असं त्यानं विचारलं.

"नोका काढू," उज्ज्वला म्हणाली होती. "त्याच्या मायनं बांधलं ते."

पाच वर्षं ती त्या एका वाक्याच्या आधारावर जगत आली होती. नवऱ्याला पाणी पाजता आलं नाही, तोंड बघता आलं नाही, हात लावता आला नाही. पण आईची गाठ परक्याच्या हातानं सुटू दिली नाही, एवढं आपल्याकडून झालं. वाईट वाटायला लागलं की ती स्वतःला हे सांगायची आणि तिला झोप लागायची. आता तेही गेलं. ओम फोनवर काकी काकी करत होता. तिनं त्याला सांगितलं की सापडलं, आणि फोन ठेवून दिला.

त्या दिवशी तिनं शटर दुपारीच ओढलं. फाइल आहे तशी छापली आणि कागद घेऊन मानीबाईकडे गेली. बुडत्याला काडीचा आधार. मानीबाई ऐंशीच्या घरातली, पण गळा अजून खणखणीत. उज्ज्वला गोरबोलीतली एकेक ओळ वाचत गेली. सात. सात. बापू, तुझ्या दारच्या लिंबाखाली. एक्केचाळीस. सात. मी पाणी भरलं त्या आडाला सांग. सात. एकेका पानावर बारा बारा वेळा सात होतं. सबंध ढावल्याचा कणा त्या सातात होता, आणि सात म्हणजे काय ते कोणाला माहीत नव्हतं. मानीबाईनं दोन ओळी लावून बघितल्या. एक आखूड झाली, दुसरी लांब.

"माहा ढावलो माहा, तिचा तिचा," मानीबाई म्हणाली. "मी कायले ऐकू तिचा ध्यान देऊन? मले माहा होता ना."

मग तिनं कागद परत दिले आणि पोरीला उद्यापासून पाठव म्हणाली. माझा शिकवते. रडल्याशिवाय निघाली असं तरी व्हायला नको. उज्ज्वला हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

घरी जमनी लिंबाखाली बाजेवर होती. उज्ज्वलाच्या हातात कागद बघून तिचा अर्धा चेहरा उजळला. उजळायला आता तेवढाच होता. बोटं टकटक नाचली. उज्ज्वला बाजेच्या काठाशी बसली. वाटेनं तिनं वाक्य तयार करून आणलं होतं. याडी, ते मिळत नाही, ते गेलं. पण सुरुवात कुठून करायची म्हणून ती पेन ड्राइव्हपासून बोलायला लागली. तू ते गळ्यात बांधलं होतंस, ते.

जमनीचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला. मग तो तिनं पुढे करून उलटा केला. कुठे आहे ते, असं ती विचारत होती. पाच वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं. बहुतेक विचारायला भीत असावी.

"त्याच्यासंगच गेलं," उज्ज्वला म्हणाली. "दवाखान्यातले कापत होते. मी काढू नाही देलं."

जमनीनं डोळे मिटले. डाव्या हातानं तिनं सुनेचं मनगट धरलं आणि धरून ठेवलं. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहरा निवला होता. इतक्या दिवसांत उज्ज्वलानं तिला अशी शांत बघितली नव्हती. माझी गाठ लेकाच्या गळ्यातच राहिली, एवढंच त्या म्हातारीला कळलं होतं आणि तेवढ्यानं ती भरून पावली होती. त्यापुढचं वाक्य उज्ज्वलाच्या तोंडात होतं. ते तिनं गिळलं. कोणत्या तोंडानं बोलायचं होतं? ती कागद घेऊन आत गेली आणि पिठाच्या डब्यामागे ठेवून आली. नंतरचे पाच दिवस जमनीची बोटं नाचली की ती हो म्हणत राहिली.

मोनालीला मात्र तिनं सगळं सांगितलं. पोरगी ऐकून भिंतीला टेकून बसली. मी एक सुट्टी इथं काढली असती तर, म्हणाली. उज्ज्वला म्हणाली, मी पाच वर्षं इथंच होते. मग दोघी उठल्या, कारण बांगड्यावाला आला होता.

लग्न उरकलं. निघायची वेळ झाली. पूर्वी नवरीला बैलाच्या पाठीवर उभं करून निरोपाचं गाणं म्हणायला लावत, आता बैल कुठले. मोनालीला चौरंगावर उभं केलं. डीजेवाल्याला बंद करायला सांगितलं तर नाचणाऱ्या पोरांना वाटलं लाइट गेली. मग मोनालीनं पदर पुढे ओढला आणि सुरुवात केली. पाच दिवसांत शिकलेलं, पण पोरीनं जीव लावून शिकलेलं होतं. आवाज तिला आजीचाच मिळाला होता. बाया रडल्या. मोटारसायकलींवर टेकून उभी असलेली पोरंसुद्धा खाली बघायला लागली. मानीबाई पदरानं डोळे पुसत होती आणि अधूनमधून अभिमानानं इकडेतिकडे बघत होती.

जमनी खुर्चीवर बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती ऐकतच नव्हती. ती वाट बघत होती. पोरगी आधी मानीचं म्हणते, मग आपलं येईल, असं तिला वाटत असावं. खुर्चीच्या हातावर तिची बोटं हळू टकटक करत होती. मोनाली थांबली. बायांनी तिला चौरंगावरून उतरवलं. गाडीचं दार उघडलं. तेव्हा जमनीनं मान वळवून उज्ज्वलाकडे बघितलं, आणि बोटं थांबली.

मोनाली आजीच्या गळ्यात पडायला आली. जमनीनं तोंड फिरवलं. नातीला लाज वाटली, नातीनं माझं टाकून मानीचं घेतलं, दुसरं काय समजणार ती? मोनाली गुडघ्यावर बसून राहिली, दादी दादी करत. जमनीनं तिच्याकडे बघितलं नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मोनालीनं आईकडे बघितलं, आणि मग उज्ज्वलाला बोलावंच लागलं. ती सासूच्या पायाशी बसली.

"याडी, पोरीचा काही कसूर नाही," ती म्हणाली. "तुहा ढावलो त्या गळ्यातल्यात होता. मीच काढू नाही देला."

जमनीनं ते ऐकलं. समजायला तिला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेही उज्ज्वलाला दिसलं. डावा हात खुर्चीवरून उठला. मोनालीनं डोकं खाली वाकवलं. हात तिच्या डोक्यापर्यंत आला नाही. तो जमनीच्या स्वतःच्या गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला.

बायांनी मोनालीला उठवलं आणि गाडीत बसवलं. गाडी फाट्याकडे वळेपर्यंत ती मागच्या काचेतून बघत होती. मग डीजेवाल्यानं विचारलं की आता लावू का, आणि कोणीतरी त्याला हो म्हणालं.